गाडी चालू असेतोवर

माझा आणि माझ्या मुलाचा एक करार आहे. गाडी चालू असेतोवर मी वस्तीवर राहायचं. ज्या दिवशी ती बंद पडेल, त्या दिवशी बॅग भरायची आणि मुकाट्याने पुण्याला त्याच्याकडे जायचं. करार तोंडी झालेला, पण मी छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय. पोरांकडून शब्द पाळून घेतला, तर स्वतः मोडायचा कसा? अट त्याची, हट्ट माझा.

वस्ती कर्जत तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून चार किलोमीटर आत. हे साखर कारखान्यात फिटर होते. रिटायर झाल्यावर वाटणीच्या रानात तीन खोल्या बांधल्या. म्हणाले, आता आयुष्यभर शांत राहू. स्वतः सव्वा वर्ष राहिले. एका सकाळी चहाचा कप ठेवला, खुर्चीत मागे रेलले, आणि संपलं. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. शांतता म्हणाल तर ती मात्र पुरून उरलीय.

करार झाला तो गेल्या थंडीत. मला ताप आला होता. तीन दिवस अंगावर काढला, चौथ्या दिवशी गाडी काढली आणि चौदा किलोमीटर चालवत कर्जतला दवाखान्यात गेले. सलाईन लावताना नर्सने विचारलं, "सोबत कोण आहे?" मी म्हटलं, "गाडी आहे." ती हसली, पण डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मुलाला फोन केला. मुलगा आला आणि दवाखान्यातच आमची जुंपली. तो म्हणाला, तू इथे एकटी मरशील आणि आम्हाला चार दिवसांनी कळेल. मी म्हटलं, रोज सकाळी सव्वाआठला फोन करतोस ना, मग एका दिवसात कळेल. शेजारच्या खाटेवरची बाई सलाईनसकट उठून बसली ऐकायला. शेवटी तो दमला आणि म्हणाला, "बरं. गाडी आहे तोवर राहा. बंद पडली की पुणे. चालेल?" मी म्हटलं, चालेल. मला वाटलं, मोठी लढाई मारली.

आता गाडी म्हणाल तर पंचवीस वर्षांची. लहान, पेट्रोलवरची, तीन प्लगची. कागदपत्रं ह्यांनी जायच्या आधीच नवी करून ठेवलेली. कंप्युटर नाही, सेन्सर नाही, काही नाही. हे म्हणायचे, या गाडीला तीनच गोष्टी लागतात, पेट्रोल, हवा आणि करंट. मला हे ऐकून ऐकून पाठ झालं होतं, पण पाठ असणं आणि येणं यात काय फरक असतो ते शिक्षिकेला सांगायला नको.

यंदा उन्हाळ्यात वावटळीने गाडीच्या शेडचे पत्रे उडाले. एक तर विहिरीपलीकडे सापडला. पावसाळा तोंडावर आला तरी पत्रे बसवणारा काही येईना. तेव्हा शेजारच्या वस्तीवरचे दादा म्हणाले, "बाई, शेततळ्याचा कागुद उरलाय माज्याकडं. त्यो टाका वरनं. थेंबभर पानी आत गेलं तर माझं नाव बदला." आमच्याकडे शेततळ्याच्या तळाला जे जाड काळं प्लॅस्टिक अंथरतात त्याला कागदच म्हणतात. वर्षभर पाणी धरून ठेवतो, एक थेंब झिरपू देत नाही. मी खूश. गाडीवर तो कागद टाकला, चारी बाजूंनी जमिनीला टेकवला, कडेने विटा लावल्या, वरून सुतळी आवळली. वारासुद्धा आत जायला जागा ठेवली नाही. आमचा दुष्काळी तालुका. पाणी धरून कसं ठेवायचं हे आम्हाला शेंबड्या पोरापासून माहीत. पाणी बाहेर कसं ठेवायचं याची वेळ आमच्यावर कधी आलीच नव्हती.

सप्टेंबरच्या शेवटी तीन दिवस झड लागली. नुसता पाऊस नव्हे, मधूनच ऊन, परत पाऊस, परत ऊन. अंगण चिकचिकलं, भिंतीला ओल आली, मीठ पाघळलं. तीन दिवस मी कोणाशीही समोरासमोर बोलले नाही. लाईट नव्हती म्हणून टीव्हीही नाही. दुसऱ्या दिवशी तर मी मांजरीला ओरडले ते केवळ आवाज काढून बघायला. मांजर माझी नाहीच, कुठून तरी येते.

शनिवारी उघडलं. बाजाराला जावं म्हणून कागद काढला, आत बसले, सेल मारला. गाडी घुर्र घुर्र करत राहिली. चालू होईना. परत मारला. तेच. उतरले, दोन फेऱ्या मारल्या, परत बसले. "अगं भवाने," म्हटलं, "आजच का?" संध्याकाळपर्यंत चार वेळा झालं.

आणि नेमका तेव्हाच मुलाचा फोन. "बाजारात गेलीस का?" मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण पटकन येत नाही. तोंडातून निघून गेलं, "सेल घेतेय रे, पण चालू नाही होत." मग तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "असू दे. मी उद्या येतो. दोनपर्यंत पोचतो. तू बॅग भरून ठेव." रागावला असता तर मी भांडले असते. मऊ आवाजाशी कसं भांडणार?

बॅग मी भरली नाही. रविवारी पाचला उठले आणि आधी हुलग्याचे शेंगोळे केले. त्याला आवडतात. मग त्याच्या खोलीतली चादर बदलली. आणि मग पदर खोचून गाडीकडे गेले. दोनच्या आत ती चालू करायची, म्हणजे त्याला बोलायला जागा उरणार नाही.

कर्जतच्या मेकॅनिकला फोन लावून पाहिला. तो म्हणाला, "बाई, एवढ्या चिखलात तिकडं कसं येणार? परवा बघू." परवा बघून मला काय करायचंय?

एवढ्यात दादा आले. त्यांच्या उडदात पाणी साचलं होतं, ते बघायला चालले होते. बॉनेटमध्ये डोकावून त्यांनी एका दमात तीन रोग सांगितले. पेट्रोलमधी पानी गेलं असंल. उंदरानं वायर खाल्ली असंल. न्हाईतर बॅटरी बसली.

"बॅटरी बसली तर सेल कसा घेईल दादा?"

"त्ये बी हाय," म्हणाले. "धक्का मारून बगू, पन ह्या काळ्या रानात चार मानसं लागत्याल, आन तीबी रुतत्याल." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "पोरगं येतंय नव्हं आज? मंग जावा की. हितं काय ठिवलंय तुमी?"

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. माझ्या मात्र असं काही वर्मी लागलं की मी म्हटलं, "तुमचा उडीद सडतोय, तो बघा आधी." ते गेले. गेल्यावर वाटलं, थांबवून घ्यायला हवं होतं, किल्ली फिरवायला तरी एक माणूस झालं असतं. पण आता हाक मारायची कोणत्या तोंडाने? माझ्या जिभेने माझं असं नुकसान आयुष्यभर केलंय.

बसले मग एकटीच. पेट्रोल, हवा, करंट. हॉर्न वाजवला, खणखणीत. लाईट लख्ख. म्हणजे बॅटरीचा प्रश्न मिटला. उंदराचं म्हणाल तर सगळ्या वायरी बोटाने चाचपल्या, कुठे कुरतडलेलं नाही. हवेची जाळी काढून झटकली, तीत एक मेलेला पतंग सोडून काही नव्हतं. मग पेट्रोल. चोक ओढून सेल मारला, आणि जरा जास्तच मारला. सगळीकडे पेट्रोलचा भपकारा. आता घ्या. पेट्रोल येतंय हे कळलं, पण इतकं आलं की ओव्हर झालं. ते उडून जाईतो अर्धा तास थांबणं आलं. त्या अर्ध्या तासात मी दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा देवाला घालावी तशी गाडीला प्रदक्षिणा घातली आणि एकदा चाकाला लाथ मारली. लाथेने पायालाच लागलं.

राहिला करंट. तो तपासायची रीत मला माहीत होती. डब्यातला जुना प्लग घ्यायचा, वायरीच्या टोकाला लावायचा, इंजिनाच्या लोखंडाला टेकवून ठेवायचा आणि कोणी तरी सेल मारायचा. प्लगच्या टोकाला निळी ठिणगी उडाली तर करंट आहे. सोपं आहे. फक्त त्याला दोन माणसं लागतात. एक किल्लीवर, एक प्लगवर. मी एकटी. किल्लीवर बसले तर ठिणगी दिसत नाही, ठिणगी बघायला गेले तर किल्ली फिरत नाही.

डोकं चालवलं. मोबाईल बॅटरीला टेकवून उभा केला, प्लगसमोर. व्हिडिओ चालू केला. ऊन होतं, म्हणून वरून जुनं घोंगडं टाकून अंधार केला. मग पळत जाऊन आत बसले, सेल मारला, पळत परत आले. त्रेसष्टाव्या वर्षी माझी ही धावपळ बघायला कोणी नव्हतं ते बरंच.

घोंगड्याखाली डोकं घालून व्हिडिओ लावला. आधी नुसता प्लग दिसतो. माझी पावलं लांब जातात, दार उघडतं, लागतं. मग आतून एका बाईचा आवाज येतो.

"मारू का?"

मग काही नाही. तीन-चार सेकंद काहीच नाही. आणि मग सेल.

मी व्हिडिओ परत लावला. आवाज माझाच होता. मला विचारल्याचं आठवतसुद्धा नव्हतं.

आमची रीतच ती होती. लग्नानंतरची पहिली मोटारसायकल, मग ही गाडी, कधीही काही बिघडलं की हे खाली वाकणार आणि मी किल्लीवर बसणार. मी विचारायचं, "मारू का?" ते म्हणायचे, "मार." त्यांचा हात आत असताना मी सेल मारला तर बोटं जातील, म्हणून ते "मार" म्हणेपर्यंत हलायचं नाही. पहिल्याच वेळेस बजावलं होतं. बॉनेट उघडं असलं की आतून ते दिसायचे नाहीत. नुसता आवाज यायचा. बॉनेटपलीकडे ते आहेत हे आवाजावरूनच कळायचं. त्या रविवारीही बॉनेट उघडं होतं, पलीकडचं दिसत नव्हतं. तेव्हा मी विचारलं, आणि थांबले. त्यांना "मार" म्हणायला जेवढा वेळ लागायचा तेवढाच थांबले.

रडले मी. घोंगड्याखाली, इंजिनावर कोपर टेकून, मोठ्याने. तीन दिवसांत जे बोलले नव्हते ते सगळं त्या रडण्यात गेलं असेल. मेल्यावर दोन वर्षांनी माणूस इतका कसा लागतो? आणि तेही बोलायला नाही, हातात हात घ्यायला नाही, नुसतं "मार" म्हणायला. रडून झाल्यावर नाक पुसलं आणि तिसऱ्यांदा व्हिडिओ लावला, या वेळी आवाज बंद करून. ज्यासाठी काढला होता ते बघायचं राहिलंच होतं.

ठिणगी नव्हती. करंट येत नव्हता.

आता करंट तिन्ही प्लगना वाटला जातो तो एका गोल काळ्या टोपीतून. हे ती उघडायचे तेव्हा मी बॉनेटपलीकडून फक्त आवाज ऐकले होते, क्लिप निघाल्याचे दोन टक-टक. मी क्लिपा चाचपडून काढल्या. टक, टक. टोपी उचलून आत पाहिलं आणि कपाळावर हात मारला. आत घाम फुटला होता. टोपीच्या आतल्या बाजूला बारीक बारीक थेंब, पितळी टोकांवर हिरवट बुरशीसारखं काही तरी.

पाणी आत गेलं कुठून? वरून गेलं म्हणावं तर दादांचा कागद पक्का होता. मी अंगणात पडलेला तो कागद उलटा केला. आतली बाजू ओलीगच्च. हात फिरवला तर तळव्यावरून पाणी ओघळलं. मग सगळं ध्यानात आलं. जमिनीची ओल वर यायची, मधेच ऊन पडायचं, आत वाफ धरायची, आणि ती वाफ जाणार कुठे? मी चारी बाजूंनी विटा लावून बसले होते. गाडीला पावसाने काही केलं नव्हतं. ती उघड्यावर भिजली असती तर वाऱ्याने वाळलीही असती. मी तिला तीन दिवस वाफेत कोंडून ठेवलं होतं, काळजीपोटी. हात्तिच्या मारी! छत्तीस वर्षं पोरांना बाष्पीभवन शिकवलं, काचेच्या ग्लासावर बशी ठेवून थेंब दाखवले, आणि माझ्याच दारात मला दिसलं नाही.

साडेदहा वाजले होते. टोपी घरात न्यायची म्हणजे वायरी काढायला हव्यात, आणि कुठली वायर कुठे हे विसरलं की संपलं. टिकल्यांचं पाकीट आणलं. पहिल्या वायरीला आणि तिच्या भोकापाशी एक टिकली, दुसरीला दोन, तिसरीला तीन. मधली जाड वायर एकटीच, ती चुकायचा प्रश्न नाही. टोपी आत नेली, जुन्या सुती साडीच्या फडक्याने पुसली, हिरवं होतं ते सुईच्या टोकाने हळूच खरवडलं. भाकरीचा तवा कोमट करून खाली उतरवला. त्यावर चौघडी फडकं घालून टोपी पालथी ठेवली. वायरीही पुसून पुसून कोरड्या केल्या. वीस मिनिटं तव्याजवळ बसून राहिले. एखाद्याला ताप असताना बसावं तशी.

परत सगळं लावलं. टिकली बघून टिकली. टक, टक. बॉनेट उघडंच ठेवून आत बसले. या वेळी ओठ घट्ट मिटून धरले, मुद्दाम. सेल मारला.

घुर्र, घुर्र, घुर्र, फट्. मग एकदम सगळी गाडी थरथरली, मागून पांढरा धूर निघाला, आणि चालू! मी ॲक्सिलेटर दाबून धरला. "आहे! आहे गं माझी बाई!" असं कायसं ओरडले. टाळ्याही वाजवल्या. साडेअकराही झाले नव्हते. गाडी चालू ठेवूनच मुलाला फोन लावला.

"आई, निघतोच आहे," तो म्हणाला.

"ऐक." मी मोबाईल इंजिनाजवळ धरला. मग कानाला लावला. "ऐकलंस?"

"चालू झाली? कोणी केली?"

"कोणी म्हणजे? मी! त्या कागदाखाली पाणी धरलं होतं, टोपीत. काढली, वाळवली, लावली. तू काय समजलास तुझ्या आईला?"

तो हसला. मनापासून हसला, खोटं नाही. म्हणाला, "भारी आहेस तू, आई. म्हणजे पुणे रद्द."

"रद्द."

"बरं झालं, अजून निघालो नव्हतो. चप्पलच घालत होतो. मुलीचा क्लासही होता बाराला, आता मीच सोडतो तिला." आणि मग, "दिवाळीत येतोच आहोत सगळे. तब्येत सांभाळ. आणि तो कागद काढून टाक आधी."

"हो," मी म्हटलं. "बरं झालं."

"ठेवू?"

"ठेव."

गाडी चालूच होती. सकाळपासून ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं ते झालं होतं. मी जिंकले होते. आणि तरी आनंद होईना. क्षणभर कळेना, काय झालं? मग कळलं. तो यायच्या आत गाडी चालू करायची, एवढंच सकाळपासून डोक्यात होतं. तो येणार हे मी धरूनच चालले होते. तो येईल, गाडीकडे बघून तोंड वाकडं करेल, जेवेल, माझ्याशी भांडेल, तासभर पडेल, चहा घेऊन जाईल. गाडी चालू झाली की त्याला यायचं कारणच राहत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

खोटं कशाला सांगू? मी बॉनेटपाशी गेले आणि मधल्या जाड वायरीपर्यंत हात नेला. ती उपटली की गाडी त्याच क्षणी बंद. फोन लावायचा, म्हणायचं, अरे, पडली बघ परत. त्याने चप्पल अजून काढलीही नसेल. दोनला नाही तर अडीचला दारात आला असता.

पण तो मला न्यायला आला असता. नुसता भेटायला ये, एवढं म्हणायला गाडी बंद पडावी लागत नाही. ते मला आत्ता फोनवर म्हणता आलं असतं. काल म्हणता आलं असतं. दोन वर्षं रोज सकाळी सव्वाआठला म्हणता आलं असतं. ते मी एकदाही म्हटलं नव्हतं, आणि त्या दिवशीही म्हटलं नाही. हात मागे घेतला, आत जाऊन बसले, आणि किल्ली फिरवून गाडी बंद केली.